हवेचा तराजू आणि त्याचा पासंग
जंगल किती कर्बवायू शोषते? मोजणीतल्या चुकांचा हिशेब

धंदा कापडाचा असो, धान्याचा असो की सोन्याचांदीचा, त्याचा पाया मापावर असतो. गज आखूड असला किंवा काट्याला पासंग असला तर बाकीचा सारा हिशेब कितीही सुबक अक्षरात लिहिलेला असो, तो खोटाच ठरतो. म्हणून जाणता दुकानदार माल टाकण्यापूर्वी रिकाम्या काट्याकडे पाहतो. पारडी समपातळीत आहेत का, काटा मध्यावर थांबतो का, याची खात्री करतो आणि मगच तोलायला बसतो.

गेल्या काही वर्षांत बाजारात एक नवा माल आला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि गोदामात ठेवता येत नाही. हा माल म्हणजे 'कार्बन क्रेडिट'. एक टन कार्बन डायऑक्साईड हवेत जाऊ दिला नाही किंवा हवेतून काढून घेतला, की एक क्रेडिट तयार होते. कारखाने व कंपन्या ते विकत घेतात. भारत सरकारनेही २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची अधिसूचना काढली. झाडे लावणारे, शेती करणारे व लाकडाचा व्यवहार करणारे यांच्याकडेही आता असे प्रस्ताव घेऊन लोक येतात. असा प्रस्ताव समोर आला की पहिला प्रश्न तोच असला पाहिजे, जो आपण कोणत्याही मालाबाबत विचारतो: हा माल तोलला कसा?

जमीन आणि हवा यांच्यातील कार्बन डायऑक्साईडची देवाणघेवाण मोजणारा काटा कसा चालतो आणि तो कोठे कोठे चुकतो, हे या लेखात समजून घेऊ.

साठा वेगळा, उलाढाल वेगळी

हवेत कार्बन डायऑक्साईड किती आहे हे मोजणे तुलनेने सोपे आहे. अमेरिकेचे शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर ही मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. आपल्याकडे गोव्यातील काबो-द-राम येथे १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने कुप्यांत भरून तपासले गेले. पुण्याजवळ सिंहगडावरही २००९ पासून असे नमुने घेण्याचे काम सुरू झाले.

पण ही झाली साठ्याची मोजणी. गोदामात किती पोती आहेत एवढेच तिच्यावरून कळते. कोणी किती आणली व कोणी किती नेली, हे कळायला आवक-जावक वही लागते. माणसाच्या कामांतून जेवढा कार्बन डायऑक्साईड दरवर्षी हवेत जातो, त्यातला साधारण निम्मा हवेत राहतो. उरलेला जमिनीवरची झाडेझुडपे व समुद्र घेतात. यातले कोणते जंगल किती घेते आणि कोणते उलट देते, हे ठरवायचे तर प्रत्येक जागी आवक-जावक मोजली पाहिजे.

त्यासाठी जंगलात, शेतात किंवा गवताळ रानात मनोरा उभारतात. १९९० च्या दशकात अमेरिका व युरोपमध्ये अशा मनोऱ्यांची जाळी तयार झाली आणि पुढे ती 'फ्लक्सनेट' नावाच्या जागतिक जाळ्यात जोडली गेली. या जाळ्याच्या २०१५ च्या माहितीसंचात २१२ ठिकाणांच्या नोंदी आहेत. भारतातही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आसामातील काझीरंगा व तामिळनाडूतील पिचावरमचे खारफुटीचे रान अशा ठिकाणी मनोरे चालवले आहेत.

हा काटा चालतो कसा?

वारा आडवा वाहतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो लहानमोठ्या भोवऱ्यांनी भरलेला असतो. प्रत्येक भोवरा थोडी हवा वर नेतो आणि थोडी खाली आणतो. दिवसा झाडे कार्बन डायऑक्साईड शोषतात, त्यामुळे रानातून वर जाणाऱ्या हवेत तो किंचित कमी असतो आणि वरून खाली येणाऱ्या हवेत किंचित जास्त असतो. रात्री याच्या उलट होते, कारण झाडे, मुळे व माती यांचा श्वास चालू असतो.

मनोऱ्याच्या टोकाला दोन यंत्रे असतात. पहिले यंत्र ध्वनीच्या साह्याने वारा मोजते. वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी लवकर पोहोचतो व उलट दिशेने जाणारा उशिरा. या फरकावरून वाऱ्याचा वेग कळतो. दुसरे यंत्र अवरक्त प्रकाशाचा किरण हवेतून सोडते. कार्बन डायऑक्साईड हा किरण शोषतो, म्हणून प्रकाश जितका घटला तितका वायू जास्त. दोन्ही यंत्रे सेकंदाला दहा ते वीस वेळा नोंद करतात. दर अर्ध्या तासाला या नोंदींचा मेळ घालून किती वायू खाली गेला व किती वर आला, याची शिल्लक काढतात. या रीतीला 'एडी कोव्हेरियन्स' म्हणतात. एडी म्हणजे भोवरा.

कल्पना साधी आहे. अडचण फरकाच्या बारीकपणात आहे. दहा लाखांतल्या चारशे भागांमध्ये एक-दोन भागांचा चढउतार पकडायचा असतो. पोत्याच्या काट्यावर केशर तोलण्यासारखेच हे काम.

आता एकेक चूक पाहू.

पहिली चूक : काटा सरळ नसणे

गवंडी भिंत उभारताना ओळंबा लावतो. वाऱ्याच्या यंत्रालाही तो लागतोच. समजा वारा सेकंदाला ४ मीटर वेगाने आडवा वाहत आहे आणि यंत्र फक्त एक अंश कलले आहे. मग त्या आडव्या वाऱ्याचा सेकंदाला ७ सेंटिमीटर इतका भाग खोटेपणाने 'वर जाणारा वारा' म्हणून नोंदला जातो. म्हणून नंतर गणिताने नोंदी फिरवून घ्याव्या लागतात. उताराच्या जमिनीवर हे काम आणखी कठीण होते.

कधी कधी दोष यंत्राच्या आतच असतो. २००६ ते २०१५ या काळात तयार झालेल्या एका प्रकारच्या वारामापक यंत्रांच्या आतील आज्ञावलीत चूक होती. ती यंत्रे उभ्या दिशेचा वारा कमी दाखवत. दोष लक्षात आल्यावर वर जाणाऱ्या वाऱ्याला १.१६६ ने व खाली येणाऱ्या वाऱ्याला १.२८९ ने गुणून नोंदी सुधाराव्या लागल्या. जगभरच्या अनेक ठिकाणी ही यंत्रे बसवलेली होती. काटा नवा आहे, नामांकित आहे, एवढ्याने तो बरोबर आहे असे होत नाही.

दुसरी चूक : फुगलेली हवा

कापूस सैल भरला तर पोते भरते पण वजन भरत नाही. दाबून भरला तर त्याच पोत्यात दुप्पट मावतो. मालाचा दर पोत्यावर ठरवला तर फसगत होते. हवेचेही तसेच आहे. उघड्या जागेत किरण सोडणारे यंत्र एका घनमीटरात वायू किती, एवढेच सांगते. दुपारी जमीन तापली की वर जाणारी हवा गरम होऊन फुगते आणि त्याच घनमीटरात प्रत्येक वायूचे कण कमी बसतात. तिच्यात आलेली पाण्याची वाफही जागा अडवते. यंत्राला वाटते, वर जाणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साईड घटला. प्रत्यक्षात घटलेले काहीच नसते. अशा वेळी उघडी कोरडी जमीनसुद्धा, जिच्यावर गवताची काडी नाही, वायू शोषत असल्याचे कच्च्या आकड्यांत दिसते.

वेब, पिअरमन व ल्युनिंग या तीन शास्त्रज्ञांनी १९८० साली या चुकीची दुरुस्ती मांडली. आज या यंत्रांच्या नोंदी ती दुरुस्ती केल्याशिवाय कोणी धरत नाही. पण इथेही एक उपचूक निघाली. थंड प्रदेशात हिवाळ्यात, पाने गळून गेलेली असताना, झाडे वायू शोषत असल्याचे आकडे येऊ लागले. ही गोष्ट शक्य नव्हती. शोध घेता कळले, की यंत्र स्वतःच्या विजेने व उन्हाने तापते आणि आपल्या तोंडासमोरची हवा गरम करते. २००८ साली या उष्णतेची दुरुस्ती प्रसिद्ध झाली. तोलणाऱ्याचा हात पारड्यावर टेकलेला असावा, तसा हा प्रकार होता.

तिसरी चूक : चाळणीची भोके

भोवरे लहानमोठे असतात. दोन यंत्रे एकमेकांपासून काही सेंटिमीटर दूर बसवलेली असतात, म्हणून अगदी लहान भोवरे दोघांना एकाच वेळी सापडत नाहीत. काही यंत्रे हवा नळीतून आत ओढून तपासतात. नळीत लहान चढउतार मिसळून जातात, शिवाय हवा आत पोहोचायला वेळ लागतो. वाऱ्याची नोंद आत्ताची आणि वायूची नोंद काही क्षणांपूर्वीच्या हवेची, असा मेळ घातला तर खाते चुकीच्या माणसाच्या नावे पडते. दुसऱ्या टोकाला फार मोठे, संथ भोवरे अर्ध्या तासात पुरे होत नाहीत आणि तेही निसटतात. चाळणीतून जे गळते ते नेहमी कमीच भरते, त्यामुळे ही चूक बहुधा एकाच दिशेची असते.

चौथी चूक : रात्रीचा मागचा दरवाजा

ही सर्वांत मोठी व सर्वांत घातक चूक आहे. रात्री वारा पडतो. झाडे व माती कार्बन डायऑक्साईड सोडतच असतात, पण त्याला वर नेणारे भोवरे नसतात. वायू रानाच्या तळाशी साठतो. जमिनीला थोडा जरी उतार असला तरी थंड जड हवा हा वायू घेऊन घळीघळीने खाली वाहून जाते. मनोऱ्यावरच्या यंत्रांना याचा पत्ता लागत नाही. पुढच्या दरवाजावर मुनीम वही घेऊन बसला आहे आणि माल मागच्या दाराने चालला आहे, अशी ही स्थिती असते.

परिणाम काय होतो? दिवसाची आवक नीट नोंदली जाते, रात्रीची जावक कमी नोंदली जाते आणि शिल्लक फुगते. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. एका रानात हेक्टरी वर्षाला १५ टन कार्बन येतो व १३ टन जातो. खरी शिल्लक २ टन. जावकेत फक्त दहा टक्के कमी नोंद झाली, म्हणजे १३ ऐवजी ११.७ टन धरले, तर शिल्लक ३.३ टन दिसते. खर्चात दहा टक्के चूक आणि नफ्यात पासष्ट टक्के! मोठी उलाढाल व थोडा नफा असलेल्या धंद्यात खर्चाची लहान चूक नफ्याला गिळते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

यावर उपाय असा करतात: निवांत रात्रींच्या नोंदी वगळायच्या आणि तितक्याच तापमानाच्या वाऱ्याच्या रात्री जो आकडा आला तो तेथे धरायचा. शिवाय रानात वेगवेगळ्या उंचीवर नळ्या लावून तळाशी साठलेला वायूही मोजायचा. मात्र कोणत्या रात्रीला 'निवांत' म्हणायचे ती रेघ माणूस ओढतो, आणि रेघ हलली की बेरीज हलते.

पाचवी चूक : कोणाच्या जमिनीचा माल?

मनोऱ्यापाशी येणारी हवा वाऱ्याच्या दिशेकडून आलेली असते. वारा बदलला की मोजणी दुसऱ्या तुकड्याची होते. यंत्र पृष्ठभागापासून जितके मीटर उंच, त्याच्या सुमारे शंभरपट अंतरापर्यंत जमीन एकसारखी असावी, असा ठोकताळा आहे. आपल्याकडच्या लहान तुकड्यांच्या शेतीत ज्वारीच्या खात्यात शेजारचा ऊस, रस्ता किंवा वीटभट्टीही जमा होऊ शकते.

सहावी चूक : वहीतली कोरी पाने

पाऊस पडला की किरणाच्या वाटेत थेंब बसतात. वीज जाते, यंत्र बिघडते, निवांत रात्री वगळाव्या लागतात. २००१ साली अनेक ठिकाणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा वर्षाच्या सरासरी ६५ टक्के काळाचीच माहिती हाती असल्याचे दिसले. उरलेली पाने ऊन, तापमान व ओलावा पाहून अंदाजाने भरतात. अंदाज शास्त्रीय असतो, तरी तो अंदाजच. आपल्याकडे पावसाळ्यात, म्हणजे झाडे जोमाने वाढतात नेमक्या त्याच दिवसांत, अशी कोरी पाने अधिक पडतात.

तापाजोसचे जंगल : देणेकरी की घेणेकरी?

या चुकांचे मोल किती, हे ब्राझीलच्या एका उदाहरणावरून कळते. ॲमेझॉन खोऱ्यात सांतारेम शहराजवळ तापाजोसचे जुने राखीव जंगल आहे. तेथील एका मनोऱ्याच्या नोंदींचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. रात्रीच्या नोंदी जशाच्या तशा धरल्या तर हे जंगल हेक्टरी वर्षाला ३.९ टन कार्बन शोषत होते. निवांत रात्री वगळून हिशेब केला तर तेच जंगल ०.४ टन कार्बन उलट हवेत सोडत होते. मनोरा तोच, यंत्रे तीच, वर्षे तीच. एका दुरुस्तीने जमाखात्याचे नावेखाते झाले.

मग खरे काय? शास्त्रज्ञांनी तेच केले जे हिशेब न जुळणारा व्यापारी करतो. त्यांनी वही बाजूला ठेवून गोदामातला माल मोजला. झाडांचे घेर टेपने मोजले, नवी किती आली, किती वाळली, पडलेले लाकूड किती, याची नोंद केली. त्यातूनही हेच निघाले की जंगल फार तर थोडे शोषते किंवा थोडे सोडते. मोठा नफा दाखवणारा आकडा खोटा होता. त्याच भागातील दोन ठिकाणांचा तीन वर्षांचा हिशेब २००३ साली आला होता. त्यातही सरासरी हेक्टरी १.३ टन तोटाच दिसला होता आणि पूर्वी पडलेल्या झाडांचे कुजणारे लाकूड हे त्याचे कारण मानले गेले.

हा फरक बाजारभाषेत मांडू. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साईड. म्हणजे पहिल्या आकड्याने हेक्टरी १४ क्रेडिट विकायला मिळाली असती. दुसऱ्या आकड्याने विकायला काही नाही, उलट दीड टनाचे देणे निघते.

गल्ला जुळतो का?

काटा बरोबर आहे की नाही, हे तपासायची एक युक्ती आहे. हीच यंत्रे उष्णता व वाफही मोजतात. उन्हातून जमिनीला मिळालेली ऊर्जा ही हवा तापवण्यात, पाण्याची वाफ करण्यात व जमीन तापवण्यात खर्च झाली पाहिजे. जमा व खर्च जुळले पाहिजेत. २००२ साली २२ ठिकाणांचा असा ताळा घेतला तेव्हा सरासरी सुमारे २० टक्के ऊर्जेचा हिशेब लागत नव्हता. पुढच्या तपासण्यांतही ही तूट पूर्णपणे भरून निघालेली नाही. गल्ल्यात रोज पाचवा हिस्सा कमी निघत असेल तर त्याच मुनीमाच्या दुसऱ्या वहीकडेही सावधपणे पाहावे लागते.

शास्त्रज्ञांची यातली भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी तूट झाकली नाही, ती छापली. अमेरिकेच्या मेन राज्यातील हाउलँड जंगलात पाऊण किलोमीटर अंतरावर दोन मनोरे उभारून एकसारख्या रानाच्या दोन मोजण्या ताडून पाहिल्या आणि चुकीचेही माप काढले. त्यातून दिसले की देवाणघेवाण जितकी मोठी तितकी वेडीवाकडी चूकही मोठी.

चूक दोन प्रकारची असते हे येथे ध्यानात ठेवावे. एक वेडीवाकडी, कधी जास्त, कधी कमी. वर्षात अर्ध्या तासाच्या १७,५२० नोंदी होतात, त्यांच्या बेरजेत ही चूक बरीचशी विरून जाते. दुसरी पासंगाची, नेहमी एकाच बाजूला झुकणारी. ती हजार वेळा तोलले तरी विरत नाही, तोलागणिक साचत जाते. म्हणून 'आमच्याकडे लाखो नोंदी आहेत' हे उत्तर पासंगाच्या प्रश्नाला पुरे पडत नाही.

सौद्यापूर्वी विचारायचे प्रश्न

कार्बन क्रेडिटच्या बहुतेक योजनांत मनोरे नसतात. झाडांचे घेर, मातीचे नमुने व संगणकाची गणिते यांवर त्या चालतात. पण त्या गणितांपैकी बऱ्याच गणितांची पारख मनोऱ्यांच्या नोंदींवरच होते. त्यामुळे कोणी करारपत्र घेऊन आले तर पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात.

१) आकडा कार्बनचा आहे की कार्बन डायऑक्साईडचा? या दोहोंत पावणेचारपटीच्या आसपास फरक आहे.

२) किती भाग प्रत्यक्ष मोजलेला व किती अंदाजाने भरलेला आहे?

३) आकड्यापुढे 'कमी-जास्त इतके' असे लिहिले आहे का? नुसता एकच आकडा हा अर्धा आकडा असतो.

४) दुसऱ्या स्वतंत्र रीतीने पडताळा घेतला आहे का? त्यात किती फरक आला?

५) यंत्र किंवा माप शेवटचे कधी आणि कोणाकडून तपासले गेले? विकणाराच तपासणारा आहे काय?

६) पुढे हिशेब चुकीचा ठरला तर पैसे कोण परत करील? ही अट करारात लेखी असावी.

या प्रश्नांना नीट उत्तर देणारा माणूस भेटला तर सौदा पुढे न्यायला हरकत नाही. हवेचा तराजू निरुपयोगी आहे, असा या लेखाचा अर्थ कोणी घेऊ नये. रानाच्या श्वासाची अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद देणारे याहून चांगले साधन आज आपल्यापाशी नाही, आणि त्याचे दोष जगाला कळले ते ते वापरणाऱ्यांनीच शोधून जाहीर केले म्हणून. पासंग प्रत्येक काट्याला असतो. तो किती आहे हे माहीत असले, की त्याच काट्यावर खरा व्यवहार होऊ शकतो.